जावयाची फांदी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. चुकलात असं मी म्हणत नाही. चूक कुणाचीही होते, माझी तर रोज होते. तुम्हाला खरं माहीत होतं, ते तुम्ही पानांच्या आड लपवलंत, आणि माझ्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याच हातून त्याचं झाड पाडून घेतलंत. हे तुमच्या तोंडावर सांगायला मी परवाही आले आणि कालही आले. तुमच्या शिपायाने बाकावर बसवलं आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून घरी पाठवलं. तेव्हा आता सगळ्यांसमोर लिहिते. ज्याने जन्मात जायफळाची बाग पाहिली नाही त्यालाही कळेल असं लिहिते, म्हणजे हा तांत्रिक विषय आहे, बायाबापड्यांना समजायचा नाही, असं म्हणून तुम्हाला हात झटकता येणार नाहीत.

जायफळाचं झाड मूळचं धो धो पावसाच्या दाट रानातलं. थोराड झाडांच्या सावलीत वाढलेलं, त्यामुळे लाडावलेलं. भर ऊन सोसत नाही, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, माती कोरडी पडलेलीही चालत नाही. लहानपणी त्याला केळीच्या आडोशाला ठेवावं लागतं. फळ पिवळं होतं, पिकलं की आपणहून उकलतं. आत काळंभोर चकचकीत बी आणि बीला घट्ट बिलगलेली लाल जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि बीच्या पोटात जायफळ. फुटकं जायफळही वाया जात नाही, त्याचं तेल काढून गुडघ्यांना चोळतात. हे सगळं ठीक. पण या झाडाची खरी गोम अशी की यात नर वेगळा आणि मादी वेगळी. बी लावलं की सात-आठ वर्षं पोरासारखं सांभाळायचं, आणि फूल आल्यावर कळतं पदरात काय पडलंय ते. मादीला फळ धरतं. नराला नुसती फुलं, गुच्छागुच्छाने येतात आणि गळतात. पण आसपास नर नसेल तर मादीच्या फुलांचंही तेच, येतात आणि गळतात. बारीकसारीक किडे एकाकडचे कण दुसरीकडे नेतात, त्यावर सगळा संसार.

ओढ्याकाठच्या आमच्या सगळ्या बागांना मिळून एकच नर होता आणि तो आमच्या अंगणात. आजोबांनी लावलेला. बाकीचे नर हंगामात चार दिवस फुलतात, हा बारा महिने थोडाथोडा फुलायचा, म्हणून इतरांनी आपापले नर कधीच काढून तिथे मादीची कलमं लावली होती. आमच्या झाडाचं नाव पडलं जावई. काही काम करत नाही, फळ देत नाही, अंगण अडवून बसलाय, आणि सगळ्यांनी त्याचा मान ठेवायचा. मान म्हणजे काय, तर ज्याच्या त्याच्या बागेतली पहिल्या तोडणीची एक ओंजळ जायपत्री आमच्या घरी यायची. आमची अंगणातली जागा फुकट अडकली त्याची ती भरपाई. कुणी कुणाला आठवण करून द्यावी लागत नव्हती. शेजारचे रेडिओकाका, त्यांचं तोंड झोपेतही बंद नसतं म्हणून हे नाव, ओंजळ ओतताना दरवर्षी तोच विनोद करायचे की घ्या, तुमच्या जावयाला पानसुपारीला. दरवर्षी बाबा तेवढंच हसायचे.

माझ्या वाट्याला त्या झाडाचं एकच काम होतं. रोज सकाळी त्याखाली झाडायचं. मोगऱ्याच्या कळीहून लहान, मेणासारखी फिकट, देठाला झुपक्याने चिकटलेली फुलं. शाळेत जायच्या आधी एक सुपलीभर निघायची. त्याच्या कोवळ्या पानांची टोकं डावीकडे मुरडलेली असायची, आमच्याच झाडाची ती खोड. ताई म्हणायची, जावई नाक मुरडतोय.

ताई माझी मोठी बहीण. तुमच्या केंद्रात, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या सरकारी रोपवाटिकेत, कलमं बांधायला लागली ती हंगामी म्हणून. हात हलका होता तिचा. नोकरी लागली त्याच वर्षी तिने बाबांकडे जावयाचे कोंब मागितले, सरावाला पाहिजेत म्हणाली. बाबा स्वतः झाडावर चढले. आडव्या फांदीचा कोंब कलम केला तर झाड जन्मभर आडवंच पसरतं, वर जात नाही, म्हणून त्यांनी शेंड्याचे सरळ कोंब निवडून काढले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. पोरगी शिकते आहे याचाच त्यांना आनंद.

त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही आम्हा सगळ्या बागवाल्यांना तुमची नवी बाग बघायला बोलावलंत. आठवतं ना. फाटकावर पाटी होती, नराशिवाय फळणारी बाग. आम्ही खोडं मोजत फिरलो. सगळी मादी. प्रत्येक झाड फळांनी लगडलेलं. रेडिओकाकांचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं आम्ही पाहिलं. तुम्ही सांगितलंत की ही नवी जात आहे, हिला नर लागत नाही, आणि ओढ्याकाठचा सगळा पट्टा नर काढून टाकेल तर केंद्र सगळ्यांना ही कलमं देईल. एक जरी नर राहिला तरी पट्ट्याला नर नसल्याचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय कलमं नाहीत. राहिलेला एक म्हणजे आमचाच.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, नर नाही तर फळ धरतं कशाने?"

तुम्ही जवळ आलात, बाबांच्या खांद्यावर हात ठेवलात. "काका, काळ पुढे गेलाय. आता जावयाला निरोप द्या."

सगळे हसले. बाबाही हसले, कारण खांद्यावर साहेबाचा हात असला की माणूस हसतो. ताई तिथेच होती. रोपांच्या पिशव्यांची रांग लावत होती. रांग सरळच होती, तरी ती लावत होती. त्याच महिन्यात ती कायम झाली आणि तिला केंद्राच्या वसाहतीत खोली मिळाली. आम्ही पेढे नाही तरी साखर वाटली.

मग बागवाल्यांची बैठक आमच्याच ओट्यावर भरली. झाड आमचं, पण निर्णय सगळ्यांचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. रेडिओकाका म्हणाले, बाबा रे, तुझ्या एका झाडापायी सगळ्यांनी मागे राहायचं का. कुणी म्हणालं, ओंजळीची चटक लागली आहे यांना. ते वाक्य बाबांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही, स्वतःच करवत घेतली. जायफळाच्या सालीतून तांबूस चीक येतो, माहीत असूनही मला तिथे उभं राहवेना. झाड पडल्यावर तुमचा माणूस आला आणि म्हणाला, बुंधा ठेवू नका, त्यातून बुरशी पसरेल, मुळासकट काढा. बुंध्याला पुन्हा फुटवा येऊ शकतो हे त्यालाही ठाऊक होतं आणि तुम्हालाही. बाबांनी दोन दिवस खणून मुळं काढली. अंगण एवढं मोठं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सकाळी झाडायला काही नव्हतं.

पुढच्या वर्षी आमच्या बागेत फुलं आली आणि गळली. रेडिओकाकांकडे आली आणि गळली. ओढ्याच्या वरपासून खालपर्यंत एकाही झाडावर फळ नाही. तुम्ही दिलेली नवी कलमं तर अजून फुलायचीच होती. तुम्ही गाडीतून आलात, चिमटीत माती घेऊन बघितलीत, आणि म्हणालात की आमचं पाणी चुकतंय, खत चुकतंय, सावली जास्त झाली आहे. वर म्हणालात, माझ्या बागेत धरतंय, तुमच्याकडेच का धरत नाही, जरा विचार करा. आम्ही विचार केला. सावलीची झाडं छाटली, खत बदललं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मग लोकांना दोषी हवा होता आणि तुमच्यापर्यंत हात पोचत नव्हता. रेडिओकाका आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, आम्ही म्हटलं म्हणून तू तोडलंस, उद्या आम्ही विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील का. ज्या ओट्यावर बसून त्यांनी हात वर केला होता, त्याच ओट्यावर. बाबांनी त्यांना चहा विचारला. मी आतून कप आपटला तेवढाच.

आता या सगळ्यात तुमचं खोटं कसं उघडं पडलं ते सांगते. ताईचा पाय मुरगळला म्हणून मी चार दिवस तिच्या खोलीवर राहायला गेले. खोलीपासून पाण्याच्या नळापर्यंतची वाट तुमच्या त्या पाटीवाल्या बागेतून जाते. सकाळी कळशी घेऊन निघाले आणि थांबले. वाटेवर फुलं पडली होती. मेणासारखी, फिकट, झुपक्याने. मादीची फुलं एकेकटी येतात, फार तर दोन-तीन. असा झुपका फक्त नराचा. मी ती फुलं जन्मभर सुपलीत भरली आहेत, साहेब, मला कुणी शिकवायला नको.

मी वर बघितलं. खालची सगळी पालवी मादीची, फळं लटकलेली. पण वर, पानांच्या दाटीत, जिथे फिरायला आलेल्या माणसाची नजर जात नाही, तिथे एक फांदी वेगळी होती. तिच्या कोवळ्या पानांची टोकं डावीकडे मुरडलेली. जिथे ती झाडाला जोडली होती तिथला सांधा मनगटाएवढा जाड होऊन सुकलेला. असा सांधा वर्षा-दोन वर्षांत होत नाही. म्हणजे आमचं झाड पाडलं त्याच्या कितीतरी आधी तो बांधला होता. मी पुढच्या झाडांखाली फिरले. मधूनमधून एकेका झाडावर तशीच फांदी. आमचा जावई तुमच्या बागेत तुकड्यातुकड्याने पाहुणचार झोडत होता.

ताई पाय उशीवर ठेवून बटाटे सोलत होती. मी ओंजळभर फुलं तिच्या पुढ्यात टाकली. तिने विचारलंच नाही कसली म्हणून. बराच वेळ ती एकच बटाटा सोलत राहिली, तो सुपारीएवढा झाला. मग म्हणाली की कोंब नेले तेव्हा तिला काही माहीत नव्हतं, साहेबांनी वर बांधायला सांगितले, तिने बांधले. पाटी लागली तेव्हा समजलं. मी म्हटलं, तेव्हा तू आम्हाला सांगायचं होतंस, अंगणात झाड उभं होतं तोवर सांगायचं होतंस.

"सांगणारच होते ग," ती म्हणाली. "मग मी कायम झाले."

मी भाजी फोडणीला टाकली, तिला वाढलं, आणि घरी आले.

मला वाटलं होतं बाबा खवळतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सांधा नीट बसलाय का, चिरफळलेला तर नाही ना. मी म्हटलं, नीट बसलाय. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मलाच रडू आलं. मेलं म्हणून सोडून दिलेलं माणूस परगावी जिवंत आहे असा निरोप यावा, तसं. त्यांना ना तुमची पाटी उतरवायची होती, ना ताईला जाब विचारायचा होता. त्यांना एक बोटभर कोंब हवा होता. आपल्या झाडाचा, कारण परका एखादा नर चार दिवस फुलून थांबतो, सगळ्या ओढ्याला पुरत नाही. तो कलम करायचा आणि अंगणात परत लावायचा, म्हणजे तीन-चार वर्षांत फुलेल आणि ओढा पुन्हा फळेल. बी लावून वाट बघायची तर सात-आठ वर्षं, आणि तेही नरच निघेल याची खात्री नाही. तेवढी वर्षं आपल्याकडे आहेत असं त्यांना वाटत नाही. मलाही वाटत नाही, पण मी ते बोलत नाही.

ते रानात गेले. रानात जायफळाचा एक जंगली भाऊबंद असतो, त्याच्या फळाला वास नाही, त्याचे कण आपल्या झाडांना चालत नाहीत, पण त्याच्या रोपावर आपल्या जातीचं कलम छान धरतं. ओली बियाणी गोळा करून आणली, कारण सुकली की उगवत नाहीत. वाळूत टाकली, मोड आल्यावर पिशव्यांत लावली, न्हाणीघरामागच्या सावलीत रांग केली. या रोपांचं असं असतं की दोन पानांची, कोवळी, पेन्सिलीएवढी झाली की लगेच कलम बांधायचं. दिवस हुकले की खोड कठीण होतं आणि सांधा धरत नाही. त्या बेताने त्यांनी ताईला निरोप पाठवला, एक कोंब आण. ताईने कळवलं की फाटकावर पिशव्या उघडून बघतात, तिला जमणार नाही.

मग बाबा तुमच्याकडे आले. मी बरोबर होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. तुमच्या खोलीत भिंतीवर तुम्हाला मिळालेली ढाल, नराशिवाय फळणाऱ्या बागेबद्दल. तुम्ही चहा मागवलात. बाबांनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

"एक बोटभर कोंब द्या, साहेब. माझ्या झाडाचा."

"कुठल्या झाडाचा?"

"तुमच्या बागेत वर बांधलाय तो."

तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. माझ्याकडे बघितलंत, मग दाराकडे. "आमच्या बागेत नर नाही, काका. पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली," बाबा म्हणाले. मग खाली बघून, जणू त्यांचंच काही चुकलंय, असं म्हणाले, "मी कुणाला बोलणार नाही. पोरीलाही नाही बोलू देणार. फक्त कोंब द्या."

साहेब, तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते मला झोपेतून उठवलं तरी आठवेल. "जी वस्तू नाहीच, ती देऊ कशी?"

जिना उतरताना बाबा म्हणाले, त्याचीही अडचण आहे, दिला तर कबूल केल्यासारखं होतं. मी त्यांच्यावर ओरडले, भर रस्त्यात. आयुष्यात पहिल्यांदा. ज्याने गळा कापला त्याची अडचण समजून घेणारा बाप मला नको होता. ते थांबले, मी दमेपर्यंत उभे राहिले, मग म्हणाले, चल, रोपांना पाणी घालायचं आहे.

गेल्या आठवड्यात ताई घरी आली. बाबांनी तिला पाणी दिलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, अजून लंगडत होती. म्हणाली, मुख्य कार्यालयातून समिती येणार आहे, साहेबांची बढती तिच्याच हातात आहे. समिती यायच्या आधी वरच्या सगळ्या फांद्या कापायचा हुकूम झालाय. कापायच्या तिनेच, कारण कुठे कुठे बांधल्या ते तिलाच ठाऊक. आणि कापलेल्या साहेबांच्या समोर जाळायच्या, एक पानसुद्धा मागे राहायला नको.

मी म्हटलं, एक कोंब तोंडात धरून आण, चोळीत घालून आण, काहीही कर. ती म्हणाली, साहेब शिडीखाली उभे राहणार आहेत. मी म्हटलं, मग कापू नकोस. त्यावर तिने माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं. ते काहीतरी म्हणतील म्हणून बराच वेळ बघत राहिली. ते झारी घेऊन न्हाणीघरामागे गेले. तिथून त्यांचा आवाज आला, दुखऱ्या पायाने शिडीवर चढू नकोस. तेवढंच. ताईने ओढणी तोंडावर धरली आणि गेली. ती काय करेल ते मला माहीत नाही. ती माझी बहीण आहे आणि मला तिचा भरवसा नाही, ही दोन्ही वाक्यं मी तुमच्यामुळे एका श्वासात लिहिते आहे.

आता तुमच्यापुढे काय उरलंय ते ऐका. फांद्या कापल्यात तर पुढच्या हंगामात तुमच्या बागेतही फुलं येतील आणि गळतील. तोवर तुम्ही बढती घेऊन दुसरीकडे गेलेले असाल आणि नवा साहेब आमच्यासारखीच माती चिमटीत घेऊन बघत बसेल. जळतील ते मात्र आमच्या झाडाचे शेवटचे जिवंत तुकडे. जगात दुसरीकडे ते कुठेही नाहीत. बाबांची रोपं पिशव्यांत तयार आहेत, खोड अजून कोवळं आहे, रोज सकाळी ते नखाने हळूच दाबून बघतात. फार दिवस राहणार नाही.

मी तुमची ढाल मागत नाही. पाटी असू दे. रेडिओकाका आणि बाकीचे तुम्हाला काय विचारतील ते त्यांचं ते बघतील. मला बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते शिपायाकडून नको, तुमच्या तोंडून हवं, करवत फांदीला लागायच्या आधी. तुमच्या बागेत आमच्या झाडाची फांदी आहे की नाही? नसेल, तर इतकी वर्षं तुमच्या झाडांना फळ कशाने धरलं ते सांगा. आणि असेल, तर न्हाणीघरामागे एक म्हातारा ओलं फडकं आणि धारदार चाकू तयार ठेवून बसलाय. त्याचा कोंब त्याला देता की नाही?